अंगणातला डबा

मंगळवारची बैठक आपल्याच पडवीत ठरल्याचं कळलं, तेव्हा नलूला पहिली काळजी पडली ती कपांची. वरल्या वाडीत घरं नऊ. पण घरटी एक माणूस हा नेम कधी टिकत नाही. तिनं शेजारून सहा कप मागून आणले, गुळाचा डबा फळीवरून खाली काढला आणि पागोळ्यांचा आवाज ऐकत चुलीशी बसली.

आजवरच्या बैठका खाली पासलीच्या शाळेत झाल्या होत्या. नलू एकीलाही गेली नव्हती. उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण, आणि म्हशीची धार कुणाच्या बैठकीसाठी थांबत नाही. तिथं काय ठरलं ते तिचा लेक सुयश घरी येऊन सांगे. म्हणजे अर्धं सांगे. घरामागच्या चढावरची झाडं राबासाठी तोडायची नाहीत, हे तिला असंच कळलं होतं. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर फांद्यापाला जाळायची रीत तिच्या सासऱ्यांच्याही आधीची. पण साहेबरावांच्या लेकीनं, शिवानीनं, दारोदार फिरून शब्द घेतला, आणि नलूनं त्या वर्षापासून शेण नि पेंढ्यावर राब भाजला. शिवानी वाडीची आशाताई. औषधाच्या गोळ्या वाटता वाटता तिनं चढ राखायचा गट कधी उभा केला ते कुणालाच कळलं नाही. चढावर आडवे चर खणले तेही सावडीनं, लावणीला करतात तसे. आज तुझ्या वाटणीचा, उद्या माझ्या.

एवढं करूनही गेल्या भादव्यात चढाला भेग पडली. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून शिवानीनं मध्ये सैल दोरी बांधली होती. परवा रविवारी ती बघायला गेली, तर दोरी वाळवणाच्या तारेसारखी ताणलेली. आणि भेगेपासून नलूची मागची खोली शंभर पावलांवर होती. त्या खोलीत सुयश, सून मिताली आणि त्यांची चार वर्षांची भार्गवी निजत.

म्हणून या वेळची बैठक इथं. ठरवायचं एवढंच होतं, की घरं सोडून खाली जायचं ते कधी. कुठं जायचं ते ठरलेलं होतं. पासलीच्या बौद्धवस्तीत विहाराला लागून सभामंडप होता. कातळावर बांधलेला, चढापासून लांब. साहेबरावांचं घर वर वाडीत, पण भावकी त्या वस्तीतली; त्यांनी तो झाडून घेतला होता, सरपण भरून ठेवलं होतं.

दहाच्या सुमाराला गंगाधरभाऊजी आले. भोरहून दोन एसट्या आणि एक जीप बदलून, छत्री असून खांद्यापर्यंत भिजून. पिशवीतल्या वह्या मात्र प्लास्टिकमध्ये कोरड्या होत्या. नलूच्या मालकांचे हे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं भोरला मास्तरकी केली, निवृत्त झाले, आणि तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजून कानाच्या पाळ्या लाल होत. बोलताना प्रत्येक मुद्द्यापाशी ते “चुकत असेन तर सांगा” म्हणत. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“वहिनी, आधी चहा नको,” ते म्हणाले. “आधी बोलून घेतो. नाहीतर मग धीर होत नाही.”

पडवी भरली. खांबाला टेकून साहेबराव, दाराशी शिवानी, मधोमध मांडी ठोकून सुयश. सुयशचं पानशेतला धरणाच्या वाटेवर जेवणाचं दुकान होतं. शनिवार-रविवारी गर्दीचं, एरवी बंद. मिताली भार्गवीला मांडीवर घेऊन आतल्या उंबऱ्यावर बसली होती.

गंगाधरांनी वही उघडली. पाच पावसाळे, ते सांगू लागले, या अंगणातल्या डब्यात आपण पाऊस मोजतो आहोत. शिवानी सकाळी साडेआठला मोजते, ओतून टाकते. संध्याकाळी पाचला पुन्हा मोजते, ओतून टाकते. सकाळी सापडतो तो रात्रीचा पाऊस, संध्याकाळी सापडतो तो दिवसाचा. पूर्वी पाऊस पंधरा दिवस संथ लागे, आता तोच चार तासांत कोसळतो. पण एक चांगली गोष्ट वहीत दिसते. वेल्ह्याला रात्री कितीही पडो, या वाडीत रात्रीचा पाऊस चाळीस मिलिमीटरच्या वर जात नाही. मागचा डोंगर रात्रीचे ढग अडवत असावा. भोरच्या साप्ताहिकात त्यांनी यावर लेख लिहिला होता, ‘रात्री विसावणारा पाऊस’. त्याचं कात्रण वहीतच होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही, पण बोटानं त्याची कड सारखी करत राहिले.

“तेव्हा नियम असा करावा,” ते म्हणाले. “संध्याकाळच्या मोजणीत दीडशे भरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांनी खाली जायचं. अंधारात, पावसात, लेकरं-म्हातारी घेऊन उतरायचा धोका पत्करायला नको. चुकत असेन तर सांगा.”

नलू चहाचं ताट घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

सुयशला हे हवंच होतं. काका मोजूनमापून बोलतात, तो म्हणाला; ऊठसूट कुणाच्या मंडपात वळकट्या घेऊन जायची गरज नाही. लावणी अर्धी व्हायची आहे, जनावरं आहेत. साहेबराव सावकाश म्हणाले, की वहीचं त्यांना काही कळत नाही, पण रात्री त्यांच्या पत्र्यावर जे वाजतं ते विसावल्यासारखं वाजत नाही.

“साहेबरावकाका, पत्र्यावर उंदीर पळाला तरी तुमाला ढग फुटल्यावानी वाटतं,” सुयश म्हणाला. पडवी हसली. साहेबरावही हसले, पण त्यांनी होकाराची मान हलवली नाही.

नलूला हसू आलं नाही. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं.

तो डबा गंगाधरभाऊजींनीच पाच वर्षांपूर्वी आणला होता. उभट, स्टीलचा, अंगणात तुळशीपासून चार पावलांवर सिमेंटात अर्धा बसवलेला. बसवून झाल्यावर ते तिला म्हणाले होते, “वहिनी, याला हात लावायचा नाही, आणि यात काही पडू द्यायचं नाही. पान नाही, किडा नाही.” बास. भाऊजी फार बोलत नसत, आणि तिनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शिवानी यायची, डब्यातलं पाणी खुणांच्या नळीत ओतायची, उजेडात धरून बघायची, वहीत लिहायची. विहिरीचं पाणी बाटलीत भरून ती तपासायला नेई, ते नलूनं पाहिलं होतं. हे त्यातलंच असणार. वरून येणारं पाणी चांगलं आहे का वाईट, हल्ली हवेत काय काय असतं, ते बघत असतील. पाणी तपासायचं तर ते स्वच्छ राहायला हवं.

दिवसा तिचं लक्ष असे. कोंबडी फिरकली की ती हाकलायची. पण रात्री कोण बघणार? उघडं भांडं रात्री तिनं जन्मात ठेवलं नव्हतं. तुळशीपाशी दिवा लावायला ती जायची, तेव्हा जाता जाता डब्यावर जर्मनचं ताट ठेवायची आणि ताटावर वरवंट्याचा तुटका तुकडा. पावसात इरलं घेऊन जायची, पण ठेवायची. पहाटे सडा टाकताना काढायची. पाच वर्षं. डब्याला तिनं कधी हात लावला नव्हता.

“मग हात वर करा,” सुयश म्हणत होता. “काकांच्या नियमाला कोण कोण?”

हात वर व्हायला लागले. नलूनं गंगाधरांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी होतं जे तिनं त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माणूस आयुष्यभर स्वतःला चुकीचा समजत आला, आणि आता नऊ घरं त्याच्या शब्दावर हात वर करत होती. बोललं तर ते पुसलं जाणार होतं. साहेबरावांना काय वाटेल, तेही तिच्या मनात येऊन गेलं. त्यांच्या लेकीचा हात लागणारं भांडं, आणि ते आपण झाकत होतो. लोक काय अर्थ लावतील?

आजच बोलायला हवं असं नाही, तिनं स्वतःला समजावलं. उद्यापासून नुसतं ताट ठेवायचं बंद केलं की झालं. कुणाला कळणारही नाही.

मितालीच्या मांडीवर भार्गवीला पेंग आली होती. तिचं डोकं एकीकडं कललं, तसं मितालीनं ते सावरलं आणि मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. हात तिनं वर केला नव्हता.

“थांबा,” नलू म्हणाली.

तिचा आवाज पडवीत कुणी ऐकलेला नव्हता, सगळे वळले.

“भाऊजी, ह्यात रातचा पाऊस सापडनारच न्हाई. रातचा म्या झाकून ठेवते.”

तिनं सगळं सांगितलं. ताट, वरवंटा, दिवा, सडा. सांगताना ती कुणाकडं न बघता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“पाच वर्षं?” सुयश म्हणाला. “आये, रोज?”

“रोज. हात न्हाई लावला. भाऊजींनी सांगितल्यापास्नं एकदाबी न्हाई लावला. नुसतं झाकलं. मला वाटलं, पाणी तपासत्यात.”

कुणीतरी मागं फुस्सकन हसलं आणि गप्प झालं. साहेबराव उंबऱ्यावरच्या ताटाकडं बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा आवाज शांत होता.

“नलूवैनी, एक इचारतो. राग नसावा. पोरीचा हात लागतो म्हनून तर न्हाई ना झाकलं?”

हे येणार हे तिला ठाऊक होतं, आणि आलं तेव्हा उलट बरं वाटलं.

“तसं असतं तर दिवसा झाकलं असतं,” ती म्हणाली. “तुमची पोर येती ती दिवसा.”

साहेबरावांच्या मिशा हलल्या. “व्हय की,” ते म्हणाले, आणि कपासाठी हात पुढं केला. “चा द्या मग. निवून जाईल.”

सुयश मात्र उठून उभा राहिला. बाईमाणसाच्या एका ताटामुळं पाच वर्षांचं काम वाया जात असेल तर असल्या मोजमापाचा उपयोग काय, असं काहीसं तो बोलला. एवढं झाकलं तर उद्या अंगणातलं बाकीचंही झाक म्हणावं. मितालीनं त्याला हळूच सांगितलं की आवाज कमी करा, पोर निजली आहे. नवऱ्याला ती चारचौघांत कधी टोकत नसे. तो खाली बसला.

गंगाधरांनी वही मिटली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते, जसे परीक्षेत पोरं वेळ संपल्यावर ठेवतात. नलूला वाटलं, आता हे उठतील आणि छत्री घेऊन भोरची वाट धरतील.

ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, “वहिनी, भार्गवी झाली तेव्हा तुम्ही पुण्याला दवाखान्यात होता. किती रात्री?”

“तीन.”

“श्रावणातल्या?”

“नागपंचमीच्या म्होरं. का?”

त्यांनी दुसरी वही काढली. पानं भराभर उलटली. एका पानावर ते थांबले आणि वही त्यांनी शिवानीपुढं धरली. शिवानीनं आधी मनात वाचलं. मग तिनं मोठ्यानं वाचलं. एकशे अडुसष्ट. दोनशे चौदा. एकशे एक्क्याण्णव. तीन सकाळी, ओळीनं. तिन्हींवर लाल शाईची रेघ आणि पुढं मास्तरी अक्षरात, ‘वाचनात चूक’.

“मी तेव्हा म्हटलं होतं सर,” शिवानी म्हणाली. “नळी तीन-तीनदा भरली होती.”

“म्हणाली होतीस. मी तुला म्हटलं, घाईत दोनदा मोजलं असशील.” गंगाधरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नेहमीपेक्षा वेगळं दिसलं म्हणून खोडलं. पाच वर्षांत तीनच रात्री खऱ्या मोजल्या गेल्या, आणि त्याच मी खोडल्या.”

मग त्या लाजऱ्या माणसानं एक गोष्ट केली, जी सुयश पुढं अनेक वर्षं पानशेतच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत असे. ते उभे राहिले. खांबाला धरून, पण उभे राहिले.

“चूक वहिनींची नाही,” ते म्हणाले. “त्यांना मी हात लावू नका म्हटलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. ज्या अंगणात डबा ठेवला त्या अंगणाच्या मालकिणीला मी पाच वर्षांत एकदाही वही दाखवली नाही. माझा लेख चुकीचा आहे, तो चुकीचा आहे असं मी त्याच साप्ताहिकात छापून आणीन. आणि मघाचा नियम रद्द. या डोंगराखाली रात्रीचा पाऊस विसावत नाही. दोनशे चौदा पडून गेला आहे, आणि तेव्हा भेग नव्हती.”

या वेळी त्यांनी ‘चुकत असेन तर सांगा’ म्हटलं नाही.

त्यानंतरची बैठक लांबली, पण सरळ झाली. रात्री मोजून उपयोग नाही, शिवानी म्हणाली. कळेपर्यंत उशीर झालेला असेल. ठरवायचं ते दिवस मावळायच्या आत, वाट दिसते आहे तोवर. पण ती स्वतः पाचनंतर खालच्या वस्तीत असते. मग बघणार कोण?

“म्या दिव्याला जातेच की,” नलू म्हणाली. “तवाच बघते. पर ती नळी नि ते आकडे मला नगं. डब्यात पंजा धरला तर चालंल का?”

गंगाधरांनी मोजपट्टी आणवली. तिचा पंजा आडवा धरून त्यांनी डब्याच्या आतून मोजलं. चार बोटं आणि अंगठा, म्हणजे साधारण नव्वद मिलिमीटर. सकाळपासून दिवसभरात नव्वद, तर पुढं येणाऱ्या रात्रीचा भरवसा धरायचा नाही. संध्याकाळचं पाणी ओतायचं नाही. नलूचा पंजा बुडाला की नऊच्या नऊ घरांनी उतरायचं, कुणी कुणाला विचारत बसायचं नाही. कोण कुणाची म्हातारी धरील, कोण कुणाची जनावरं सोडील, तेही सावडीनं वाटून घेतलं. सुयशच्या वाट्याला साहेबरावांचा मोठा भाऊ आला, ज्याला पाठुंगळी घ्यावं लागे.

“लई वजनाचा हाय,” साहेबराव म्हणाले. “उंदरावानी न्हाई.”

सुयश ओशाळून हसला. हात या वेळी कुणी वर करायला सांगितले नाहीत. मितालीनं मात्र केला, निजलेल्या पोरीला सावरत, सगळ्यांच्या आधी. मग सुयशनं केला.

शिवानीनं जाण्याआधी सकाळची वही उघडली आणि नव्या पानावर तारीख घातली. पेन तिनं नलूपुढं धरलं. आपल्याला आकडे येतात, अक्षर येत नाही, असं नलू म्हणाली. आकडेच लिहायचे आहेत काकू, शिवानी म्हणाली.

त्या दिवशी पाऊस थांबला नाही. दुपारी जरा दम घेतल्यासारखा झाला आणि तीनच्या पुढं पुन्हा धरला, असा, की पलीकडचा डोंगर दिसेना. गंगाधर भोरला परत गेले नाहीत. ते पडवीत बसून जुन्या वह्यांवर एकेका पानावर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होते. नलूनं जाता येता पाहिलं. खोडलेल्या ओळी ते पुन्हा लिहून काढत होते.

दिवेलागणीच्या आधीच तिनं इरलं घेतलं. तुळशीपाशी दिवा टिकणार नव्हता, म्हणून तो तिनं वळचणीला कोनाड्यात ठेवला. मग डब्यापाशी गेली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला हात लावला. पंजा आडवा करून आत सोडला. करंगळी टेकली तळाला. पाणी चढत चढत अंगठ्याच्या पेरावरून गेलं होतं.

“सुयश,” तिनं हाक मारली. “बुडाला.”

तो दारात आला. लावणीची ओली माती अजून पोटऱ्यांना होती. डब्याकडं त्यानं पाहिलं, आईच्या हाताकडं पाहिलं, आणि काही विचारलं नाही. भार्गवीला त्यानं घोंगडीत गुंडाळून मितालीकडं दिलं आणि साहेबरावांच्या घराकडं धावला. वाडीभर दारं वाजू लागली. कुणी कुरकुरलं, कुणाचा चुलीवर भात राहिला, कुणाला दावं सापडेना. पण अर्ध्या तासात नऊ घरांतली माणसं पायवाटेला लागली होती. पुढं त्या संध्याकाळी खाली न जाता वरच थांबलेल्या शिवानीच्या हातातली बॅटरी, मागं पाठीवर म्हातारा घेतलेला सुयश, त्याच्या मागं एका हातात वह्यांची पिशवी आणि दुसऱ्यात वासराचं दावं धरलेले मास्तर.

नलू शेवटी निघाली. दाराला कडी घातली. ओट्याच्या कोपऱ्यात जर्मनचं ताट आणि वरवंट्याचा तुकडा होते, रोजच्या जागी. हात आपसूक तिकडं गेला. भांडं उघडं टाकून जायचं तिच्या जिवावर येत होतं. घर टाकून जाण्याइतकंच, खरं तर थोडं जास्त. तिनं ताट उचललं, आणि खाली मंडपात भाकरी वाढायला उपयोगी पडेल म्हणून बोचक्यात खोवलं.

इतकी वर्षं रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला अंगणातून पत्र्यासारखा टणटण आवाज येई, ताटावर पडणाऱ्या पावसाचा, आणि डबा नीट झाकलेला आहे म्हणून तिला झोप लागे. आता पाऊस थेट पाण्यात पडत होता. भरत आलेल्या भांड्याचा तो खोल, जाड आवाज उताराला लागल्यावरही काही पावलं तिच्या मागं येत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. पुढं बॅटरी थांबली होती; तिच्यासाठी कुणीतरी वाट उजळून धरली होती.